पाकीट नसलेली तंबाखू

२००३ सालच्या मे महिन्यात तीन दिवसांच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. १८ मे रोजी भारताच्या तंबाखू नियंत्रण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि २१ मे रोजी जिनिव्हात जागतिक आरोग्य सभेने तंबाखू नियंत्रणाचा आराखडा करार एकमताने स्वीकारला. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या घटनेतील करार करण्याचा अधिकार वापरून घडवलेला हा पहिलाच करार. भारताने त्याच वर्षी सप्टेंबरात त्यावर सही केली आणि फेब्रुवारी २००४ मध्ये तो रीतसर मान्य केला. २७ फेब्रुवारी २००५ रोजी तो जगभर लागू झाला. म्हणजे बाहेरून करार आला आणि त्याच्या रेट्याने दिल्लीने नाइलाजाने कायदा केला, असे झालेले नाही. कायदा आधीच तयार होता.

या पुस्तकाचा प्रश्न इथूनच सुरू होतो. कायदाही होता, करारावर सहीही होती, तरी २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत देशात २६ कोटी ७० लाख प्रौढ तंबाखूचे सेवन करताना आढळले. सात वर्षांपूर्वीच्या पाहणीत हे प्रमाण ३४.६ टक्के होते, ते २८.६ टक्क्यांवर आले. ही घट मोठी आहे आणि तिचे श्रेय कायद्याला, डॉक्टरांना, शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना द्यायलाच हवे. पण दर साडेतीन प्रौढांमागे एक जण तंबाखू खातो किंवा ओढतो, हेही तितकेच खरे. आंतरराष्ट्रीय करारांविषयी आपल्याकडे दोनच प्रकारे बोलले जाते. एक तर सही झाली म्हणजे काम झाले असे मानले जाते, नाहीतर हे सगळे कागदावरचे आहे म्हणून हात झटकले जातात. पुढचे लेख या दोन्ही वाटा सोडून, करारातले एकेक कलम गावात, टपरीवर, न्यायालयात आणि मंत्रालयात पोहोचता पोहोचता त्याचे काय होते, हे पाहतात.

आधी थोडी कायद्याची मांडणी सांगितली पाहिजे, कारण बरेचसे घोटाळे तिथेच आहेत. आपल्याकडे करार करण्याचा अधिकार केंद्र सरकारचा. त्याला संसदेची मंजुरी लागत नाही, पण संसदेने कायदा केल्याखेरीज तो करार नागरिकांवर बंधनकारकही होत नाही. असा कायदा करण्यासाठी घटनेच्या २५३व्या अनुच्छेदाने संसदेला अधिकार दिला आहे, मग विषय राज्यांच्या यादीतला का असेना. सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचाच विषय. २००३च्या कायद्याने वेगळा रस्ता घेतला. तंबाखू उद्योग लोकहितासाठी केंद्राच्या नियंत्रणाखाली घेणे इष्ट आहे, असे त्याच्या सुरुवातीच्या कलमांतच म्हटले आहे. उद्देशिकेत १९८६ आणि १९९० सालच्या जागतिक आरोग्य सभेच्या ठरावांचाही उल्लेख आहे. कायदा केंद्राचा, अंमल राज्याच्या पोलिसांचा, अन्न व औषध प्रशासनाचा आणि महापालिकांचा, अशी ही रचना आहे. दिल्लीत नियम बदलला की तो तालुक्याच्या ठाण्यापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे कुठेच स्पष्ट होत नाही.

आणि या विषयात खालून वर गेलेलेही पुष्कळ आहे. गोव्याने १९९७ मध्येच सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान आणि थुंकणे यांवर बंदी घालणारा स्वतःचा कायदा केला. मुंबईचे मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने रुग्णालये, शाळा, ग्रंथालये, सभागृहे, न्यायालयांच्या इमारती, सरकारी कचेऱ्या आणि सार्वजनिक वाहने यांत धूम्रपानाला मनाई केली. दुसऱ्याच्या धुराने आपला जगण्याचा हक्क हिरावला जातो, हा त्यामागचा विचार होता. जिनिव्हाच्या करारातील आठवे कलम हेच सांगते. पण ते लिहिले जाण्याआधी दीड वर्ष भारतीय न्यायालयाने ते मान्य केले होते. आपण नेहमी जगाकडून घेतो, असे समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आता अडचणींकडे. सर्वांत लांबलेली आणि सर्वांत बोलकी कथा पाकिटावरच्या चित्राची आहे.

कराराचे अकरावे कलम म्हणते की पाकिटाच्या दर्शनी भागाचा निम्मा किंवा त्याहून जास्त भाग आरोग्याच्या इशाऱ्यासाठी असावा आणि कोणत्याही परिस्थितीत तीस टक्क्यांहून कमी नसावा. यासाठी करार लागू झाल्यापासून तीन वर्षांची मुदत होती. भारतासाठी ती फेब्रुवारी २००८ मध्ये संपली. चित्रांचे नियम २००६ मध्येच जाहीर झाले होते. मग विडी उद्योगाकडून विरोध झाला, कवटीचे चिन्ह वगळले गेले, मंत्रिगट बसला, तारखा पुढे गेल्या. शेवटी ३१ मे २००९ रोजी चित्रे आली ती पाकिटाच्या फक्त पुढच्या बाजूला, चाळीस टक्के भागावर. त्यात एक चित्र विंचवाचे होते. मुदत टळून सव्वा वर्ष झाले होते आणि हाती आलेल्या चित्रावरून तंबाखूने तोंडाला नेमके काय होते, हे कुणालाही कळत नव्हते.

ऑक्टोबर २०१४ मध्ये आरोग्य मंत्रालयाने दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापण्याचा नियम काढला. तो १ एप्रिल २०१५ पासून लागू व्हायचा होता. लोकसभेच्या दुय्यम विधिविधान समितीने तो थांबवायला सांगितले. समितीचे तेव्हाचे अध्यक्ष, अहमदनगरचे खासदार, म्हणाले की तंबाखूने कर्करोग होतो असे सांगणारे सगळे अभ्यास परदेशी आहेत, भारतातला एकही नाही. त्या समितीत विडीचा स्वतःचा व्यवसाय असलेले एक खासदारही सदस्य होते. हे सगळे मार्च २०१५ मध्ये घडले. त्याआधी महिनाभरच, १६ फेब्रुवारीला, महाराष्ट्राचे माजी गृहमंत्री आर. आर. पाटील तोंडाच्या कर्करोगाने गेले होते.

भारतात अभ्यास झालेला नाही, हे म्हणणे ऐकून अतिशय वाईट वाटले होते, आणि ते वाईट वाटणे अजून गेलेले नाही. कारण तोंडाचा कर्करोग आणि तंबाखू यांचा संबंध लोकवस्तीत जाऊन तपासण्याचे जगातले अगदी सुरुवातीचे काम मुंबईतूनच झाले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागात डॉ. फली मेहता, डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकापासून गावोगाव तोंडे तपासली. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तपासणी होती. पुढे एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम इथे हजारो तंबाखू खाणाऱ्यांना वर्षानुवर्षे भेटत राहून त्यांनी दाखवले की तंबाखू सोडणाऱ्यांच्या तोंडातले पांढरे चट्टे कमी होतात. २००४ मध्ये मुंबईतल्या गर्भवतींच्या अभ्यासातून दिसले की धूररहित तंबाखू वापरणाऱ्या आईच्या बाळाचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरते. हे सगळे काम इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकांत पडून राहिले. ते खासदारांच्या टेबलापर्यंत गेले नाही, मतदारांच्या भाषेत तर त्याहून कमी आले. करार अमलात न येण्याच्या कारणांत हे एक कारण मी फार वरचे मानतो.

पुढची हकिगत थोडक्यात अशी. समितीने मार्च २०१६ मध्ये पन्नास टक्क्यांची शिफारस केली, पण सरकारने ती बाजूला ठेवून १ एप्रिल २०१६ पासून ८५ टक्क्यांचा नियम लागू केला. काही उत्पादकांनी कारखाने बंद ठेवून पाहिले. डिसेंबर २०१७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला आणि जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. नियम टिकला. पण २००६च्या पहिल्या नियमापासून इथवर यायला बारा वर्षे गेली.

इतकी लढाई ज्या पाकिटासाठी झाली, ते पाकीट किती लोकांच्या हातात पडते? हा प्रश्न महाराष्ट्रातल्या वाचकाने आवर्जून विचारला पाहिजे. २०१६-१७च्या त्याच राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूररहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. स्त्रियांत तर तंबाखू म्हणजे जवळजवळ सगळी धूररहितच. करार लिहिणाऱ्यांच्या नजरेसमोर प्रामुख्याने सिगारेट होती. ती कारखान्यात बनते, तिच्यावर नाव, किंमत आणि कर छापलेला असतो, आणि ती बनवणाऱ्या कंपनीला नोटीस पाठवता येते. आपल्याकडे विदर्भातला खर्रा टपरीवाला प्लॅस्टिकच्या कागदावर सुपारी, तंबाखू आणि चुना घासून तिथल्या तिथे तयार करून देतो. नगर-सांगली-कोल्हापूरकडचा मावा तसाच. त्याला वेष्टन नाही, मग ८५ टक्के कशाचे? मिश्री तर अनेक घरांत आजही तव्यावर भाजली जाते. तंबाखूचे पान बाजारातून सुटे येते, घरची बाई ते भाजून कुटून डबीत ठेवते आणि सकाळी दात घासण्याच्या निमित्ताने तिचा दिवस सुरू होतो. कायद्याच्या अनुसूचीत तंबाखूयुक्त दंतमंजनाचा स्पष्ट उल्लेख आहे. पण स्वयंपाकघरातल्या तव्यापर्यंत कोणता निरीक्षक जाणार, आणि त्याने तिथे जावे तरी का? तिथे जायला हवी ती आशाताई, प्रसूतिपूर्व तपासणीत मिश्रीबद्दल न रागावता विचारणारी परिचारिका आणि बाळाच्या वजनाची माहिती.

भारताने हे मुद्दे कराराच्या बैठकांत मांडले, हेही नोंदवले पाहिजे. धूररहित तंबाखूविषयीचे जागतिक ज्ञानकेंद्र नोएडात उभे राहिले, नोव्हेंबर २०१६ मध्ये करारातील सदस्य देशांची सातवी परिषद ग्रेटर नोएडात भरली. जगाचे लक्ष सिगारेटवरून थोडे बाजूला वळवण्यात आपला वाटा आहे. आता हे काम देशाच्या आत व्हायचे आहे.

गुटख्याची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली आणि ती करारापेक्षा आपल्या अन्न कायद्याची गोष्ट आहे. महाराष्ट्राने २००२ मध्येच गुटखाबंदी केली होती. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अन्न भेसळीच्या जुन्या कायद्याखाली राज्याला इतका अधिकार नाही, असे ठरले. मग २०११च्या अन्नसुरक्षा नियमांत एक ओळ आली की कोणत्याही अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटीन घटक म्हणून वापरता येणार नाही. त्या एका ओळीच्या आधाराने २०१२ मध्ये मध्य प्रदेशाने, आणि त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्राने बंदी आणली. ती एका वर्षाची असते आणि दरवर्षी नव्याने काढावी लागते. बाजाराने त्यावर लगेच उत्तर शोधले. पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत, गिऱ्हाइकाने हातावर एकत्र करायचे. महाराष्ट्राने सुगंधी तंबाखू आणि सुपारीही बंदीत घेतली, तर माल सीमेपलीकडून येऊ लागला. बंदी निरुपयोगी ठरली, असे मी म्हणणार नाही. दुकानाच्या दर्शनी दोरीवर लटकणाऱ्या रंगीत माळा गेल्या, लहान मुलांच्या नजरेसमोरून गेल्या, याचे मोल आहे. पण शेजारच्या राज्याशी मेळ न घालता एका राज्याने केलेल्या बंदीला कुठे मर्यादा पडतात, हे यातून लख्ख दिसते.

करारातला सर्वांत अवघड भाग म्हणजे पाचव्या कलमाचा तिसरा परिच्छेद. आरोग्याची धोरणे ठरवताना तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून ती दूर ठेवा, असे तो सांगतो. वाक्य साधे आहे, पण आपल्या सरकारच्या आतच तंबाखूचे हितसंबंध आहेत. १९७५च्या कायद्याने स्थापन झालेले तंबाखू मंडळ गुंटूरला वाणिज्य मंत्रालयाच्या हाताखाली उद्योगाच्या वाढीसाठी काम करते. आयुर्विमा महामंडळाकडे देशातल्या सर्वांत मोठ्या सिगारेट उत्पादक कंपनीचे मोठे भागभांडवल आहे, आणि लोकांच्या आयुष्याचा विमा उतरवणाऱ्या संस्थेने तिथे पैसे का गुंतवावेत, हा प्रश्न २०१७ मध्ये जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयासमोर आला. आरोग्य मंत्रालयाने २०२० मध्ये आपल्या अधिकाऱ्यांसाठी या कलमाला धरून आचारसंहिता काढली. ती आरोग्य खात्यापुरती आहे. वाणिज्य, शेती, कामगार, अर्थ ही खाती तिच्या बाहेर राहिली. करारावर सही भारताची आहे, एका खात्याची नव्हे, ही गोष्ट दिल्लीतल्या इमारतींमध्ये पोहोचलेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

करांतही हेच दिसते. सहावे कलम सांगते की किंमत वाढली की वापर कमी होतो, विशेषतः तरुणांचा. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा सिगारेटवर २८ टक्के कर अधिक उपकर बसला. विडीवरही २८ टक्के बसले, पण उपकर नाही. २०१६-१७च्या पाहणीत देशात सिगारेटपेक्षा विडी ओढणारे जास्त आढळले, ७.७ टक्के विरुद्ध ४ टक्के. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने विडीवरचा कर १८ टक्क्यांवर आणण्याची शिफारस केली. यामागे विडी कामगारांची काळजी असल्याचे सांगितले जाते.

ती काळजी खोटी नाही, आणि म्हणूनच हा भाग या विषयातला सर्वांत दुखरा आहे. सोलापुरात घरोघरी स्त्रिया विड्या वळतात. कारखान्यातून पाने आणि तंबाखू आणायची, पान भिजवायचे, कापायचे, वळून दोरा बांधायचा आणि हजाराच्या हिशोबाने माल द्यायचा. त्यात खराब म्हणून छाट किती काढायची, हे माल घेणारा माणूस ठरवतो. सिन्नरलाही हेच. निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या बायकांनी संघटना बांधून आपले हक्क मिळवले, तिथल्याच तंबाखू उत्पादकांनी १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली भावासाठी रस्ता रोखला आणि पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मेले. या माणसांचा रोजगार आणि त्यांचे संघर्ष हा मराठी समाजाच्या इतिहासाचा भाग आहे. आरोग्यवाल्यांनी त्यांच्याकडे निव्वळ अडथळा म्हणून पाहिले, तर तो अन्याय होईल.

कराराचे सतरावे कलम याचसाठी आहे. तंबाखूवर जगणाऱ्या शेतकऱ्यांना आणि कामगारांना दुसरे परवडणारे साधन मिळावे, असे ते म्हणते. बाकीच्या कलमांवर जितकी चर्चा झाली, खटले झाले, नियम निघाले, त्याच्या तुलनेत या कलमावर देशात फार थोडे काम झाले. विडी कामगारांसाठी १९६६चा कायदा झाला आणि १९७६चा कल्याण निधी आला, पण ते त्यांना त्याच कामात थोडे बरे जगता यावे म्हणून होते, बाहेर पडण्यासाठी नव्हते. विडीवरचा कर कमी ठेवून कामगाराचे भले होते, हा युक्तिवाद मला पटत नाही. कमी झालेल्या करातून वळणारीच्या मजुरीत किती पडले, हे कुणी दाखवत नाही. कर वाढवावा आणि त्यातला ठरावीक वाटा सोलापूर-सिन्नरच्या बायकांच्या दुसऱ्या कामासाठी, मुलींच्या शिक्षणासाठी आणि म्हातारपणच्या पेन्शनसाठी कायद्याने बांधून द्यावा, ही मागणी मला जास्त प्रामाणिक वाटते.

गडचिरोलीत हा पेच एकाच गावात भेटतो. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या तोडणीतून ग्रामसभांना आणि घरांना रोख पैसा मिळतो. तो पत्ता विडीसाठीच जातो. त्याच जिल्ह्यात २०१६ पासून मुक्तिपथ अभियानाने गावागावांत दारू आणि तंबाखूविरोधी काम उभे केले, आणि अनेक गावांनी ठराव करून खर्ऱ्याची विक्री बंद केली. ग्रामसभेला एका बाजूला तेंदू विकावा लागतो आणि दुसऱ्या बाजूला खर्रा थांबवावा लागतो. तिथले लोक हे दोन्ही निर्णय स्वतः बसून घेतात. ज्याच्या घरात खर्ऱ्यामुळे तोंड उघडत नसलेला मुलगा आहे, तोही त्या सभेत असतो. मंत्रालयांच्या आचारसंहितेत जे दिसत नाही ते इथे दिसते. पैसा आणि आरोग्य यांचा विचार एकाच बैठकीत होतो.

बाकी अंमलाबद्दल फार लिहीत नाही, पुढे सविस्तर प्रकरणे आहेत. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला २०० रुपयांपर्यंत दंड २००३ मध्ये ठरला आणि केंद्राच्या कायद्यात अजून तोच आहे. तो वाढवणारा दुरुस्तीचा मसुदा २०२०च्या अखेरीस जाहीर झाला, कायदा झाला नाही. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट आणि सुट्या विडीच्या विक्रीवर बंदी आणली, कारण एक सिगारेट सुटी घेणारा पाकिटावरचे चित्र पाहतच नाही. निर्णय योग्य होता. पण आज कोणत्याही शहरातल्या टपरीवर उभे राहून पाहिले तरी त्या आदेशाची अवस्था कळते. शाळेपासून शंभर यार्डांत विक्रीला बंदी आहे, आणि मुख्याध्यापकांना दंडाचा अधिकारही दिलेला आहे. ज्या गावात टपरी सरपंचाच्या भावाची असते, तिथे तो अधिकार वापरणे एकट्या शिक्षकाला झेपणारे नाही.

शेवटी चौदाव्या कलमाकडे लक्ष वेधतो, कारण त्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले आहे. ज्याला सोडायची आहे त्याला मदत करा, असे ते सांगते. २०१६ पासून १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक चालू आहे, २०१८ पासून मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बंगळुरूचे निम्हान्स आणि गुवाहाटीची बरुआ कर्करोग संस्था त्यात सामील झाली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरपासून तो प्रत्येक पाकिटावर छापला जातो. मावा खाणाऱ्याला, खर्रा घेणाऱ्याला, मिश्री लावणारीला तो कुठे दिसणार? तो गावच्या उपकेंद्राच्या भिंतीवर, एसटी स्थानकावर, आशाताईच्या वहीत, रेशन दुकानाच्या फलकावर आणि टपरीच्याच पत्र्यावर मराठीत रंगवण्यासाठी जिनिव्हाच्या परवानगीची गरज नाही, दिल्लीच्या नव्या नियमाचीही नाही. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला ते याच आर्थिक वर्षात करता येईल.